खुनाच्या घरातले भाडेकरू

हालगे सरांना मी ताजंतवानं असं कधी पाहिलंच नाही. सकाळी प्रार्थनेला उभे असायचे तेव्हाही वाटायचं, हा माणूस रात्रभर एसटीत उभं राहून आलाय. उंच, बारीक, खांद्यातून पुढं झुकलेले. कपाळावरचं भस्म दहा वाजेपर्यंत घामानं निम्मं उतरलेलं. सदऱ्याच्या आत इष्टलिंगाची चांदीची डबी, ती वह्या तपासायला वाकले की टेबलावर टक्कन वाजायची. स्टाफरूममध्ये आले की खुर्ची जवळ ओढायचे आणि बसता बसता म्हणायचे, "दम खाऊ द्या जरा. लई थकून राहिलो." कशानं थकलात, असं विचारलं तर थोडा विचार करून म्हणायचे, "तसं काही केलं न्हाई म्हणा."

आमची शाळा लातूरची. मी मराठी शिकवायची, सर भूगोल. आणि भूगोलातून वेळ उरला की सर रहस्यकथा लिहायचे. पिवळट कागदाची पातळ पुस्तकं, मुखपृष्ठावर रक्ताळलेला सुरा. बसस्थानकावरच्या स्टॉलवर स्पर्धा परीक्षांच्या गाइडांशेजारी दोरीला टांगलेली असायची. सरांच्या एकाही गोष्टीत सुरा नव्हता, पण मुखपृष्ठाचं त्यांच्या हातात नव्हतं. टोपणनाव त्यांनी घेतलं नाही. वीरभद्र हालगे, असं सरळ छापलेलं असायचं.

त्यातलं एक पुस्तक त्यांनी मला शुद्धलेखन बघायला म्हणून दिलं, तिथून आमची ओळख वाढली. खून कुणी केला ते मला फारसं लक्षात राहिलं नाही. पण औशाच्या किल्ल्यातून बाहेर पडून खंदकाच्या कडेनं बाजाराकडं निघालं की दुपारी सावली कुठं मिळते, धान्याच्या पोत्यांचा वास कुठं सुरू होतो आणि सोलापूरच्या गाडीचा हॉर्न कुठून ऐकू येतो, हे मला पाठ झालं. मी तोवर औशाला उतरलेसुद्धा नव्हते. नंतर आमच्या वर्गातली काही मुलं मुद्दाम औशाला जाऊन तपासून आली. सगळं तसंच आहे म्हणाली.

मी सरांना विचारलं होतं, "गावं खरी कशाला लिहिता? बदलून लिहा की."

"खोटं गाव लिवलं की पुढची ओळच येत न्हाई," ते म्हणाले. "आन् आपल्याकडच्या रहस्यकथेत बघा, खून सगळे मुंबईत. न्हाईतर धुक्यातल्या बंगल्यात. आपल्या औशा-नायगावात माणसं काय अमर हायत?"

रविवारी ते घरी नसायचे. सकाळची कुठली तरी गाडी धरायची, कुठल्या तरी गावात उतरायचं आणि एखाद्या जागी जाऊन बसायचं. कागद-पेन काही जवळ ठेवायचे नाहीत. पहिली दहा मिनिटं उत्तर दिशा शोधण्यात जायची. ती सापडली की मग चेहरा निवांत व्हायचा. शाळेत नवीन कुणी रुजू झालं तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "तुमच्या घराचं दार कोणत्या अंगाला?" समोरच्याला वाटायचं, सर वास्तुशास्त्रवाले आहेत. मग सर सांगायचे, "वास्तूबिस्तू न्हाई हो. दुपारचं ऊन कुठून आत येतं, तेवढंच बघायचंय."

एकदा शाळेची सहल किनवटकडं गेली होती. परतताना मुलांना जेवायला बसवलं आणि मोजणी केली तर मुलं पूर्ण, हालगे सर गायब. मी आणि एक शिक्षक शोधायला निघालो. सर रेल्वे स्टेशनवर बाकावर बसलेले, आणि त्यांच्यासमोर एक हवालदार उभा.

"गाडी कोणती धरायची?" हवालदार विचारत होता.

"कोणतीच न्हाई."

"मग इथं काय करून राहिले?"

सरांना खोटं बोलता यायचं नाही, निदान तोंडानं. ते म्हणाले, "खून करायचाय. जागा बघून राहिलो."

आम्ही धावत जाऊन मध्ये पडलो. सर भूगोलाचे शिक्षक आहेत, गोष्टी लिहितात, मुलं पलीकडं जेवतायत, सगळं सांगितलं. हवालदारानं ऐकून घेतलं, सरांच्या शेजारी बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली. थोड्या वेळानं म्हणाला, "मग इथं नका करू. इथं चहावाला रात्रभर जागा असतो. तिकडं मालधक्क्याच्या मागं बरं पडंल, सागाचे ओंडके पडलेले असतात." सर लगेच उठले आणि दोघं तिकडं बघायला गेले. पुढच्या पुस्तकात मृतदेह ओंडक्यांमागं सापडला, आणि तो शोधणारा हवालदार फार हुशार दाखवला होता.

सरांच्या बायको महानंदाताई. त्यांनी नवऱ्याचं एकही पुस्तक वाचलं नाही. नवीन पुस्तक घरी आलं की फक्त विचारायच्या, "या वेळी कोण गेलं?" पुरुष असला तर काही बोलायच्या नाहीत. एका पुस्तकात बाई होती. त्या दिवशी ताईंनी सरांना ताट वाढलं आणि उठून आत गेल्या, दोन दिवस बोलल्या नाहीत. त्यानंतर सरांच्या गोष्टीत बाई कधी मेली नाही. प्रकाशकानं बाईच पाहिजे म्हणून हट्ट धरला तरी नाही. "घरात शांतता पाहिजे," एवढंच कारण त्यांनी मला दिलं. कोरोनाच्या आधी ताई गेल्या. मुलगा पुण्याला नोकरीत. सर तेव्हापासून जास्तच वाकले. रविवारचे दौरे मात्र चालू राहिले, घरी बसून तरी काय करायचं म्हणून असावेत.

आता नायगावच्या घराचं सांगते. ते घर ज्या पुस्तकात आलं, त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. पुन्हा कुणी शोधायला जायला नको.

पुस्तक आलं तेव्हा फार कुणी वाचलं नव्हतं. बऱ्याच वर्षांनी, कोरोनात लोक घरी बसले तेव्हा, मोबाइलवर गोष्टी वाचून दाखवणाऱ्या एका चॅनलनं ती कादंबरी वाचून दाखवली. मागं दार करकरण्याचे आवाज, कुत्र्याचं रडणं वगैरे. सर आधी खूश होते. "मॅडम, आपलं पुस्तक लोक आता कानानं वाचून राहिले," असं मला फोन करून सांगितलं. नायगावच्या पोरांनीही ते ऐकलं. आणि गोष्टीत खून होतो ते घर त्यांनी ओळखलं. ओळखणारच, सरांनी गल्लीचं वळण, हिरवं दार, अंगणातलं डाळिंब, हौदावरची कोपऱ्यात फुटलेली शहाबादी फरशी, काही म्हणजे काही बदललं नव्हतं.

शाळा पुन्हा नीट सुरू झाल्या त्या वर्षीची गोष्ट. मधली सुट्टी संपत आली होती. शिपाई एका बाईंना घेऊन स्टाफरूमच्या दाराशी आला. साठीच्या असाव्यात, काळा बुरखा, तोंड उघडं, हातात कापडी पिशवी. प्रवासानं दमलेल्या दिसत होत्या. त्यांनी सगळ्यांकडं पाहिलं आणि सरांवर नजर थांबली.

"तुमीच ना ते? उन्हानं पडलेले?"

सर उभे राहिले. "शमीमबी," ते म्हणाले, "या, बसा."

त्या बसल्या नाहीत.

"सर, आमच्या घरात कोन मेलं?"

सरांनी हातातली वही मिटली.

"न्हाई, मला सांगा. म्या सून म्हनून आले त्या घरात. सासू गेल्या, म्हाताऱ्या होऊन गेल्या, शेवटचं पानी म्या पाजलं त्यायला. माझे मियाँ नांदेडच्या दवाखान्यात गेले. आनखी कोन मेलं? पोरं भितीवर चढतात, मोबाइल घेऊन. हौद दाखव म्हनतात. खुनाचं घर कुठं हाय म्हनून बाहेरगावची मानसं विचारतात. मागं भाडेकरू होते, सोन्यासारखी मानसं, ती गेली. एकटी किती राहू? बेटीकडं नांदेडला येऊन पडले. जमाई चांगला हाय, पन दोन खोल्या हायत त्याच्या. मला माझ्या घरी ऱ्हायचंय."

"बाई, ते सगळं खोटं हाय," सर कसेबसे म्हणाले. "ती गोष्ट हाय नुसती."

"गोष्ट हाय तर मग दार कामून माझं लिवलं?"

सरांनी पाण्याचा ग्लास भरून पुढं केला. "पानी नको," त्या म्हणाल्या. रागानं नाही, दमून म्हणाल्या. मग पिशवी उचलली आणि आल्या तशा गेल्या. त्यांना परतीची नांदेडची गाडी धरायची होती.

पुढचा तास सरांचा होता. ते गेले नाहीत. मी मुलांना कविता वाचायला बसवून परत आले. तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा सगळं सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी मे महिन्यात देगलूरकडं जाताना त्यांची बस नायगावजवळ बंद पडली. सावली शोधत ते गल्लीत शिरले आणि एका हिरव्या दारासमोर चक्कर येऊन खाली बसले. ते शमीमबींचं घर. त्यांचे मियाँ बांगड्यांचे व्यापारी. दोघांनी मिळून सरांना आत नेलं, डाळिंबाखाली बाजेवर झोपवलं, डोक्यावर ओलं फडकं ठेवलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं. संध्याकाळपर्यंत सर तिथं पडून होते. पडल्या पडल्या दार दिसत होतं, हौद दिसत होता.

"उन्हात मेलो असतो मी त्या दिवशी," सर म्हणाले. "त्यांनी पाणी पाजलं. आन् ज्या घरात पाणी प्यालो, त्याच घरात मी मुडदा टाकला."

त्यानंतर सरांनी जे जे करता येईल ते केलं. चॅनलवाल्यांना लिहिलं. त्यांनी गोष्टीच्या सुरुवातीला 'काल्पनिक' अशी पाटी टाकली, तर ऐकणारे वाढले. प्रकाशकाला म्हणाले, पुढच्या आवृत्तीत गाव बदला. प्रकाशक म्हणाला, पुढची आवृत्ती निघणारच नाही, कशाला काळजी करता. मग स्वतः नायगावला जाऊन चौकातल्या हॉटेलात बसले आणि येईल त्याला सांगू लागले की मी तो लेखक, तिथं काही घडलेलं नाही. एक जण म्हणाला, लेखकाला असंच बोलावं लागतं. दुसरा म्हणाला, पोलिसांनी तोंड बंद केलं असंल. सर परत आले ते स्टाफरूममध्ये डोकं धरून बसले. "खोटं लिवलं ते समद्यांना खरं वाटलं. आता खरं सांगून राहिलो तर कोणी ऐकत न्हाई, मॅडम."

वर्षभरात ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात नेहमीसारखं बोलले, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. त्यानंतरच्या आठवड्यात नांदेडला शमीमबींच्या मुलीच्या घरी गेले आणि म्हणाले, तुमचं घर मला भाड्यानं द्या. मुलगी चिडली. आधी बदनाम केलं, आता राहायला येता म्हणाली. ते खरंच होतं. शमीमबींनी विचारलं, "एकटेच?"

"एकटाच."

"डर न्हाई वाटत?"

"कशाची? समदं मीच लिवलंय."

त्यांनी किल्ली दिली.

सरांच्या मुलानं मला पुण्याहून फोन केला. "मॅडम, तुम्ही तरी बाबांना समजवा. स्वतःचं घर टाकून परक्या गावात, परक्या मोहल्ल्यात कशाला?" मी त्यांना जाऊन भेटले. ट्रंक भरत होते. म्हटलं, "सर, चूक झाली, पण एवढी मोठी नाही."

"मोठी न्हाई," ते म्हणाले. "पण माझीच हाय ना."

मीही पुढं निवृत्त झाले आणि नांदेडला राहायला आले. नायगाव तिथून तासाभराचं. अधूनमधून जायची. पहिल्यांदा गेले त्या दिवशी जे पाहिलं ते सांगते.

दिवस कलत आला होता. मोटरसायकलवरून तीन पोरं आली, गल्लीच्या तोंडाशी थांबली, मोबाइल वर धरून दाराचं चित्रण करायला लागली. सरांनी आतून दार उघडलं. पोरं पळायच्या बेतात होती. सर म्हणाले, "पळता कामून? या ना आत. मीच लिवलंय ते पुस्तक."

पोरं आत आली. सरांनी चहा ठेवला, मग त्यांना घर दाखवायला सुरुवात केली, अगदी वर्गातल्या आवाजात, एकसुरी. हे दार, याचं तोंड पूर्वेला. ही बाज, यावर मी उन्हानं पडलो होतो. हा हौद. फरशी सरकवली, पोरांना वाकून बघायला लावलं. "यात माणूस बसतो का? बसून बघा कोणी. न्हाई बसत. पुस्तकात मी हौद मोठा केला. कामून केला? कारण छोट्या हौदात मुडदा मावत नव्हता." मग हौदात पाणी कसं येतं, नळ किती दिवसांआड सुटतो, मांजरा आणि गोदावरी यांच्यामधल्या या पट्ट्यात जमिनीखाली पाणी का कमी, हे सगळं सांगितलं. मोबाइल धरलेल्या पोराचा हात हळूहळू खाली आला. सर म्हणाले, "आता इथं गुमान बसा थोडा वेळ. काही दिसलं, काही आवाज आला, तर मला सांगा."

पोरं बसली. डाळिंबावर चिमण्या आल्या. पलीकडच्या घरातून कुकरची शिट्टी झाली. एकानं जांभई दिली. दुसरा म्हणाला, "सर, जाऊ का? घरी वाट बघत असतील." सर म्हणाले, "उत्तर दिशा कोणती ते सांगा आन् जा." तिघांनी तीन दिशांना बोट केलं.

ती गेल्यावर सर भिंतीला टेकले. चेहरा पांढरा पडला होता. मी म्हटलं, "रोज असं करता?"

"रविवारी जास्त. जवळपास जत्रा असली की लईच." थोडा श्वास घेऊन म्हणाले, "मॅडम, भीतीला उत्तर देऊन ती जात न्हाई. तिला कंटाळा आला पाहिजे. तेवढं माझ्या हातात हाय. पस्तीस वर्षं पोरांना कंटाळाच तर दिला."

हे असं दोन-तीन वर्षं चाललं. तेच दार, तोच हौद, तीच वाक्यं. मला ऐकूनच शीण यायचा. सर मात्र एकाही माणसाला दारातून परत पाठवायचे नाहीत, अंगात ताप असला तरी. हळूहळू बाहेरगावचे लोक कमी झाले. गावातली पोरं भूगोलाची पुस्तकं घेऊन यायला लागली. पुढं पुढं त्या घराचं नाव काढलं की लोक म्हणायचे, तिथं काही नाही हो, एक म्हातारे सर आहेत, नकाशा काढायला बसवतात.

त्या काळात त्यांनी एक कादंबरी लिहायला घेतली होती. या वेळी गाव मनानं रचलेलं. मला पहिली काही पानं वाचायला दिली. निर्जीव होती. मी काय बोलावं या विचारात होते, तेवढ्यात तेच म्हणाले, "जमंना. त्या गावात मला उत्तरच सापडंना." पुढं त्यांनी लिहिलं नाही.

शमीमबी आधी एका दिवसापुरत्या आल्या, डाळिंबाला आलेली फळं बघायला. मग रमजानात महिनाभर राहिल्या. मग कायमच्याच आल्या. सरांनी पुढचा भाग रिकामा करून दिला आणि मागच्या खोलीत गेले, तिचं दार वेगळ्या बोळात उघडायचं. दोघं फारसं बोलायचे नाहीत. शमीमबी सरांना शिजवलेलं काही द्यायच्या नाहीत. "लिंगायत मानूस, आमच्या घरचं कसं चालंल," म्हणायच्या. म्हणून कच्चं द्यायच्या: चिंचा, भुईमुगाच्या शेंगा, मोड काढलेली मटकी. सर भल्या सकाळी उठून पुढचं अंगण झाडून घ्यायचे. भाडेकरूनं मालकिणीचं अंगण झाडायचं, हे गल्लीला विचित्र वाटायचं. पुढं सवय झाली.

मी एकदा शमीमबींना एकटं गाठून विचारलं, "तुम्ही माफ केलंत का सरांना?"

त्या मटार सोलत होत्या. म्हणाल्या, "माफ काय करायचं त्यात? मानूस रोज उठून माझं अंगन झाडून राहिला. म्या उठायच्या आत. बोलायचं काय मग?"

गेल्या हिवाळ्यात सरांना धाप लागायला लागली. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासलं, हृदय थकलंय म्हणाले. दवाखान्यात राहा म्हणाले. सर नाही राहिले, गोळ्या घेऊन नायगावला परतले. मग एक दिवस सकाळी त्यांचा फोन आला. आवाज तुटत होता. "मॅडम, गाडी घेऊन येता का? बाजाराच्या दिवशी या. दुपारी, गर्दी असताना."

मी गाडी आणि ड्रायव्हर घेऊन गेले. सर तयार होऊन बसले होते. दाढी केलेली, पांढरा इस्त्रीचा सदरा, कपाळावर ताजं भस्म. पायांवर सूज होती, चपलेत पाय मावत नव्हते. मी म्हटलं, "गाडी दारात आणते."

"दारात नको. चौकात उभी करा. मी चालत येतो."

"सर, तुम्हाला श्वास घेता येत नाही."

"म्हणूनच." चपलेत पाय कोंबत ते म्हणाले, "इथं मेलो तर झालंच की, मॅडम. पुन्हा पोरं भिंतीवर. घरानं लेखकाला घेतलं म्हणतील. एवढ्या वर्षांचं समदं पाण्यात. मग या बाईनं कुठं जायचं?"

शमीमबी दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. "काय बी बोलू नका," त्या म्हणाल्या. "इथंच ऱ्हावा. मी बघते. बेटीला बोलवून घेते."

"न्हाई, बाई."

"सर, जिद करू नका."

"तुम्ही दार लावून घ्या," सर म्हणाले आणि उठले.

हिरव्या दारातून आम्ही बाहेर पडलो. पिशवी मी घेतली होती. हात धरायला गेले तर त्यांनी हळूच बाजूला केला. गल्लीतून चौक लांब नाही, एरवी पाच मिनिटं लागतात. त्या दिवशी किती लागली सांगता येणार नाही. कापडाच्या दुकानासमोर थांबून सरांनी मालकाला हात केला. मालक म्हणाला, "कुठं निघाले सर?"

"पोराकडं. पुण्याला," सर मोठ्यानं म्हणाले. "हवा बदलायला. दोन महिने."

हे खोटं होतं, आम्ही नांदेडच्या दवाखान्यात निघालो होतो. मुलाला दवाखान्याचं कळवलेलं होतं, तो पुण्याहून नांदेडला यायला निघालेला होता. तोंडानं खोटं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते, आणि छान बोलत होते. सायकलवाल्याला तेच सांगितलं. शिंप्याला तेच. शिंपी म्हणाला, "तब्येत बरी दिसून राहिली सर." सर हसले. श्वास अगदीच कोंडला तेव्हा पेरूच्या गाड्याजवळ थांबले आणि एक-एक पेरू उचलून निवडायला लागले, बराच वेळ, जणू त्यांना घाईच नाही. पेरूवाली म्हणाली, "घ्या की, गोड हायत." त्यांनी दोन घेतले. माझ्या हातात दिले तेव्हा त्यांची बोटं बर्फासारखी लागली. चौकातल्या हॉटेलात उभ्यानं अर्धा कप चहा घेतला, तिथं बसलेल्या चार जणांशी पावसावर बोलले, कपाशीवर बोलले. सगळ्या बाजारानं त्यांना चालत, बोलत, हसत गावाबाहेर जाताना पाहिलं.

आठवड्याभरात ते नांदेडच्या दवाखान्यात वारले. मुलगा जवळ होता. नायगावात बातमी पोचली ती पुण्याला जाऊन वारल्याची, आणि मी ती दुरुस्त केलेली नाही. शमीमबी अजून त्याच घरात आहेत. मागच्या खोलीत ग्रामीण रुग्णालयातली एक नर्स आणि तिची आई भाड्यानं राहतात.

पण माझ्या डोळ्यांसमोर राहतात ते गाडीतले सर. चौकात ते स्वतः दार उघडून पुढच्या सीटवर बसले, पाठ ताठ, खिडकीतून हात बाहेर काढून लोकांना दाखवत. गाडी निघाली. बसस्थानक गेलं, शेवटची दुकानं गेली, नांदेडचा रस्ता लागला, दोन्ही बाजूंना तुरीची रानं सुरू झाली. तरी ते तसेच ताठ. मग समोर बघतच त्यांनी विचारलं, "मागं कोणी बघून राहिलं का?"

मी वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता.

"नाही सर. कुणी नाही."

तेव्हा कुठं त्यांनी पाठ सैल सोडली, मान सीटवर टाकली आणि डोळे मिटले.